कोब्याला रंग देण्यापूर्वी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये गेलात, तर लेथ आणि मिलिंग मशिनच्या खाली बहुतेक ठिकाणी साधा कोबाच दिसतो. वर्षानुवर्षे तेल पिऊन तो काळा पडलेला असतो, ट्रॉलीच्या वाटेवर झिजलेला असतो आणि झाडू मारला की त्यातून राखाडी धूळ उडते. अशा जमिनी दुरुस्त करून रंगवण्याचे काम मी करतो, त्यामुळे ‘कोणत्या कंपनीचा रंग घेऊ?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याचे उत्तर मी लगेच देत नाही, कारण डबा निवडणे ही या कामातली शेवटची आणि तुलनेने सोपी गोष्ट आहे. रंग किती वर्षे टिकणार, हे डबा उघडण्याच्या कितीतरी आधी, कोब्यातली ओल आणि त्याच्या वरच्या कातडीची स्थिती पाहूनच सांगता येते.

सर्वांत आधी ऑइलपेंटचा विषय संपवतो, कारण स्वस्तात काम उरकायचे म्हणून आजही जमिनीवर तोच मारला जातो. ऑइलपेंटमधले तेल हवेतल्या प्राणवायूने सुकते आणि त्याचा पापुद्रा तयार होतो. लाकडावर आणि लोखंडावर तो चांगला टिकतो. सिमेंट मात्र मुळातच तीव्र अल्कधर्मी असते आणि नव्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. कोब्यात थोडी जरी ओल असली, तरी ही अल्कली आणि रंगातले तेल यांची प्रक्रिया होऊन त्या तेलाचा अक्षरशः साबण बनतो. मग रंग खालून मऊ आणि चिकट होतो आणि चाकाखाली सोलून निघतो. नव्या कोब्यावर हा प्रकार पहिल्या पावसाळ्यातच दिसू लागतो, आणि रंगाऱ्याने कितीही मन लावून काम केले असले तरी तो टळत नाही.

आता ओलीविषयी, कारण माझ्या पाहण्यातली निम्म्याहून अधिक कामे तिच्यामुळेच वाया गेलेली आहेत. काँक्रीट दगडासारखे घट्ट दिसत असले तरी त्यात सूक्ष्म केशनलिकांचे जाळे असते आणि जमिनीतले पाणी त्यातून वर चढत राहते. उघड्या कोब्यातून ही वाफ गुपचूप निघून जाते, म्हणून मालकाला वाटते की आपली जमीन कोरडी आहे. त्यावर रंगाचा बंद थर दिला की वाफेची वाट अडते, तिचा दाब रंगाच्या खाली साठतो आणि काही महिन्यांत पैशाएवढे फुगे उठतात. असा फुगा फोडून पाहिला तर आत पाण्याचा थेंब आणि कडेला पांढरा क्षार सापडतो. हल्ली नवा कोबा टाकताना मुरुमावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, तो याचसाठी. पण जुन्या शेडमध्ये तो बहुधा नसतोच.

ओल तपासण्याची एक साधी रीत आहे आणि ती प्रत्येकाने स्वतः करावी. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा पारदर्शक, जाडसर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करायच्या आणि तो किमान १६ तास तसाच राहू द्यायचा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ४२६३ या मानकात हीच पद्धत सांगितलेली आहे. दुसऱ्या दिवशी कडा उचलताना प्लास्टिकच्या खालच्या बाजूला बोट फिरवून पाहावे. तिथे दव जमलेले असेल किंवा झाकलेला चौकोन आजूबाजूच्या कोब्यापेक्षा गडद झालेला असेल, तर त्या जमिनीवर बंद थराचा रंग देऊ नये. एकाच जागी तपासून समाधान मानू नये, कारण मोरीकडचा कोपरा, बाहेरच्या गटाराला लागून असलेली भिंत आणि शेडचा मध्यभाग यांचे निकाल वेगवेगळे येतात. शिवाय हा तुकडा थेट उन्हात ठेवला तर निकाल फसवा येतो. मी स्वतः ही तपासणी पावसाळा संपत आल्यावर करतो, कारण एप्रिलमध्ये खडखडीत कोरडी निघालेली जमीन ऑगस्टमध्ये कशी वागेल हे एप्रिल सांगू शकत नाही.

नव्या कोब्याच्या बाबतीत २८ दिवसांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, परंतु तो मजबुतीचा नियम आहे, सुकण्याचा नव्हे. २८ दिवसांत सिमेंट आपले अपेक्षित बळ धरते. आत अडकलेले जादा पाणी बाहेर पडायला मात्र, हवा कोरडी असली तरी, जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असा ढोबळ हिशेब आहे. जूनमध्ये टाकलेला चार इंची कोबा दिवाळीला रंगवण्याचा आग्रह कोणी धरला, तर मी त्याला प्लास्टिकचा तुकडा लावून दाखवतो आणि थांबायला सांगतो.

ओल कायमचीच असेल तर काय करावे, हे सांगण्याचे धैर्य रंग विकणाऱ्यांनी दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते. अशा जमिनीला रंग न देणे हाच पुष्कळदा योग्य निर्णय असतो. कोबा घासून त्यावर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण मुरवले, तर ते सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते आणि छिद्रांत कठीण स्फटिकासारखा पदार्थ तयार होतो. पृष्ठभाग टणक बनतो, धूळ थांबते आणि वाफेला वाटही मोकळी राहते. त्याला रंगाची शोभा नाही आणि आम्लापुढे तो टिकत नाही, हे खरे आहे. तरीही गोदामाला किंवा फॅब्रिकेशनच्या शेडला याहून अधिक काही लागत नाही आणि उखडण्यासारखे त्यात काही उरतच नाही. जुन्या वाड्यांतल्या, गुळगुळीत घोटलेल्या लाल कोब्याला तर कोणीही रंग लावू नये. तो स्वच्छ धुऊन, सुकवून त्यावर मेणाचे पॉलिश केले की तो पुन्हा झळकतो. असे घोटकाम करणारे हात आता फार थोडे उरले आहेत. त्यांचे काम रंगाखाली गाडले जाऊ नये.

जमीन कोरडी निघाली की कातडीकडे वळायचे. कोबा घोटताना पाणी आणि बारीक सिमेंट वर येते आणि त्याचा एक दुधट, ठिसूळ थर पृष्ठभागावर बसतो. खिळ्याने ओरखडा काढला की पांढरी भुकटी निघते ती याचीच. रंग या थराला पक्का चिकटतो, पण हा थरच कोब्याला नीट धरलेला नसतो, म्हणून रंग उखडतो तेव्हा त्याच्या पाठीला ही भुकटी लागलेली दिसते. ती नसेल तर दुसरी अडचण असते: यंत्राने काचेसारखा घोटलेला किंवा वरून जमीन टणक करणारा हार्डनर मारलेला कोबा रंगाला आत शिरूच देत नाही. दोन्ही बाबतीत पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते मिनिटाभरात मुरले आणि तिथला डाग गडद झाला तर छिद्रे उघडी आहेत. थेंब गोळ्यांसारखे उभे राहिले तर तिथे घोटाईची काच, तेल किंवा क्युरिंग कंपाउंड (नवा कोबा लवकर सुकू नये म्हणून फवारतात ते द्रव्य) आहे आणि तिथे रंग धरणार नाही.

ही कातडी काढण्याचे दोन मार्ग आहेत. “साहेब, ॲसिड मारून घेऊ, अर्ध्या दिवसात होतंय,” असे इथला रंगारी सांगतो, आणि स्वस्तपणामुळे मालकही राजी होतो. पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल कोब्याची दुधट कातडी खरोखरच खाते, मात्र तेलावर आणि क्युरिंग कंपाउंडवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय ते धुण्यासाठी भरपूर पाणी ओतावे लागते, म्हणजे कष्टाने कोरडी ठेवलेली जमीन आपणच भिजवतो, आणि धुण्यात कसूर झाली तर मागे राहिलेले क्षार पुढे रंगाखाली फुगे आणतात. वर्कशॉपमध्ये याहून मोठा धोका म्हणजे त्या आम्लाच्या वाफा. त्या बंद शेडमध्ये फिरतात आणि लेथच्या बेडवर, चकवर, मापनाच्या साधनांवर एका रात्रीत तांबूस गंज चढवतात. म्हणून यंत्रे जागची हलवता येत नसतील तिथे मी आम्लाला हात लावू देत नाही. यंत्रे नसलेल्या मोकळ्या पार्किंगमध्ये ते वापरायचेच झाले, तर आधी पाणी घेऊन त्यात आम्ल ओतावे, उलट कधीही करू नये, आणि हातमोजे, गमबूट व डोळ्यांना चष्मा यांत तडजोड करू नये.

दुसरा मार्ग डायमंडच्या चकत्यांच्या ग्राइंडिंग यंत्राचा आहे आणि माझा कौल स्पष्टपणे त्यालाच आहे. त्यात सगळीकडे सारखी, बारीक पॉलिशपेपरसारखी खरबरीत कातडी मिळते, तेलाने माखलेला वरचा थर निघून जातो आणि पाणी लागत नाही. त्यातून उडणारी धूळ मात्र साधी नसते, कारण वाळूतला सिलिका फुप्फुसात साठला की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. यंत्राला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेला असावा आणि कामगाराच्या तोंडावर रुमालाऐवजी खरा धूळरोधक मास्क असावा, ही अट मी दर ठरवतानाच घालतो. जुन्या तेलाच्या डागांना ग्राइंडिंगच्या आधी डिग्रीझर (तेल सोडवणारे द्रावण) घालून, घासून, ते पाणी उचलून घ्यावे लागते आणि यंत्राच्या पायाशी हे दोन-तीनदा करावे लागते. तेल फार खोल गेलेले असेल तर तेवढा कोबा छिन्नीने उकरून नव्याने भरणे परवडते. भेगा व्ही आकारात उघडून इपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुटीने, भराव्यात. कोबा टाकताना मुद्दाम ठेवलेले सांधे मात्र कडक लांबीने भरू नयेत, कारण उन्हाळा-हिवाळ्यात ते हलतात आणि त्यांवरचा रंग सरळ रेषेत तडकतो. त्यांत लवचिक पॉलियुरेथेन सीलंटच हवा.

आता डब्याकडे येऊ. बंद शेड, तेल, कूलंट (धातू कापताना यंत्रावर सोडतात ते थंडावा देणारे द्रव) आणि ट्रॉलीची वर्दळ असेल, तर दोन घटकांचा इपॉक्सी हाच माझा पहिला पर्याय असतो. त्यातले रेझिन (मूळ राळ) आणि हार्डनर (ती घट्ट करणारा दुसरा घटक) एकमेकांशी जोडले जाऊन जो पदार्थ बनतो, तो अल्कलीला दाद देत नाही आणि काँक्रीटला घट्ट धरतो. पाण्यावर आधारित इपॉक्सी हाताळायला सोपा असतो, त्याला वास कमी असतो आणि तो किंचित वाफ सोडतो, म्हणून थोडी शंका असलेल्या जमिनीवर तो बरा. पण त्याचा थर पातळ बसतो. जड वर्दळ असेल तिथे द्रावकविरहित, एक ते तीन मिलिमीटर जाडीने आपोआप समतल पसरणारा इपॉक्सी घ्यावा. इपॉक्सीचा खरा शत्रू ऊन आहे. उन्हात तो पिवळा पडतो आणि त्याच्यावर खडूसारखी पूड येते, म्हणून उघड्या पार्किंगमध्ये वरचा हात उन्हाला टिकणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा असावा. जलतरण तलावांना लावतात तो क्लोरिनेटेड रबराचा रंग काही जण पार्किंगला सुचवतात. तो मी नाकारतो, कारण टायरच्या रबरातली तेलकट द्रव्ये त्याला मऊ करतात आणि गाडी हलली की चाकाच्या जागी रंग उचलून येतो. दूध संकलन केंद्र आणि डेअरी यांची गोष्ट तर निराळीच आहे. तिथे सांडलेल्या दुधाचे लॅक्टिक आम्ल कोबा खाते आणि रोज गरम पाण्याने धुलाई होते. तापमानाचे हे झटके पातळ इपॉक्सीला सोसत नाहीत, त्यामुळे तिथे चार ते सहा मिलिमीटर जाडीचे पॉलियुरेथेन काँक्रीटच लागते आणि त्याचा खर्च आधीच मनाशी धरावा.

हवामानाचा हिशेब आमच्याकडे फारसा कोणी करत नाही, तो मी सविस्तर सांगतो. नियम असा आहे की जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव बनते) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. जुलैमधल्या एखाद्या दिवशी हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. म्हणजे जमीन २८ अंशांच्या वर हवी, पण शेडमधला कोबा त्या दिवसांत हवेपेक्षाही थंड असतो. अशा दिवशी डोळ्यांना न दिसणारे दव कोब्यावर बसलेलेच असते आणि इपॉक्सी सुकताना वर चिकट, पांढुरका मेणचट थर येतो, ज्यावर दुसरा हात धरत नाही. हेच फेब्रुवारीत २८ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू १५ अंशांच्या आसपास राहतो आणि काम निर्धास्त करता येते. म्हणून दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ मी या कामासाठी राखून ठेवतो. एप्रिल-मे कोरडे असले तरी त्या उष्म्यात मिसळलेला माल हातातच घट्ट होऊ लागतो. दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. सकाळी कोबा तापत जातो तेव्हा छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते, म्हणून प्रायमर दुपारनंतर, जमीन निवू लागल्यावर मारावा.

माल किती लागेल याचा हिशेब मालकाने स्वतः करावा, कारण फसवणूक होते ती इथेच. डब्याच्या माहितीपत्रकावर घनद्रव्याचे आकारमानी प्रमाण दिलेले असते. त्या टक्केवारीला १० ने गुणून हव्या असलेल्या सुक्या थराच्या मायक्रॉनमधील (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीने भागले, की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते निघते. ६० टक्के घनद्रव्याचा रंग ७५ मायक्रॉन जाडीने बसवायचा असेल तर लिटरला ८ चौरस मीटर. दहा ब्रास जमीन म्हणजे १,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर; तिला एका हाताला जवळजवळ १२ लिटर आणि खरबरीत पृष्ठभागात मुरणारा व रोलरमध्ये राहणारा माल धरून १४ लिटर लागतात. हेच काम कोणी थिनर वाढवून ७ लिटरमध्ये भागवले, तर जमीन दिसायला सारखीच रंगलेली असते, पण थर जेमतेम ४५ मायक्रॉनचा असतो आणि तो मधल्या वाटेवर वर्षभरात झिजून कोबा उघडा पडतो. काम संपल्यावर रिकामे डबे मोजून घेण्याची सवय मालकांनी लावून घ्यावी.

मिसळण्याच्या कामावर मी स्वतः उभा राहतो. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण कंपनीने ठरवलेले असते. ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर जास्त घातला तर काही जलद होत नाही, उलट जोडीदार न मिळालेला हार्डनर आत तसाच राहतो आणि थर कायमचा कच्चा राहतो. शक्यतो पूर्ण किट एकदम मिसळावा, अर्धा काढून ठेवू नये. आधी रेझिनच्या डब्याच्या तळाशी बसलेला रंग ढवळून वर आणावा, मग हार्डनर पूर्ण निथळून ओतावा आणि मंद गतीच्या ढवळणीने तीन-चार मिनिटे ढवळावे, कारण वेगाने ढवळले की हवेचे बुडबुडे अडकतात. बादलीच्या कडांना आणि तळाच्या कोपऱ्यांत न मिसळलेले रेझिन चिकटून राहते, ते उलथण्याने खरवडून आत घ्यावे. त्यानंतर सगळा माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळावा. जमिनीवर मधेच हाताएवढे चिकट ठिपके राहतात आणि महिना उलटला तरी सुकत नाहीत, ते बहुतेक वेळा पहिल्या बादलीच्या कडांचा माल उपडा करून निथळल्यामुळे. द्रावकविरहित इपॉक्सी बादलीत ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि लवकर गोठतो, त्यामुळे तो मिसळताच जमिनीवर पट्ट्यांत ओतून पसरून टाकावा. एकाने ओतत जावे, दुसऱ्याने मागे रोलर फिरवत यावे, आणि सुरुवात दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून करावी.

दोन हातांमधला वेळ माहितीपत्रकात दिलेला असतो. सामान्यतः दुसऱ्या दिवशी दुसरा हात मारता येतो. मधे सण आला आणि चार दिवस गेले, तर पहिला थर इतका पक्का होतो की दुसरा त्याच्यात मिसळत नाही, म्हणून पॉलिशपेपरने घासून धूळ पुसल्याशिवाय पुढे जाऊ नये. उताराच्या रॅम्पवर, पाण्याच्या नळाशी आणि कूलंट सांडते तिथे पहिला हात ओला असतानाच बारीक, धुतलेली, कोरडी सिलिका वाळू भुरभुरावी, सुकल्यावर सुटी वाळू झाडून घ्यावी आणि वर दुसरा हात मारावा, कारण पाणी किंवा कूलंट पडलेला इपॉक्सी पायाखाली फार निसरडा असतो आणि वर्कशॉपमध्ये माणूस पडतो तो अनेकदा चालत्या यंत्राशेजारी. रंगछटेत मी फिकट राखाडी सुचवतो. गडद हिरवा किंवा लाल डाग लपवतो खरा, पण फिकट जमिनीवर यंत्राखालची तेलगळती पहिल्याच दिवशी दिसते आणि पडलेला छोटा स्क्रूही सापडतो.

रंग हाताला सुका लागला म्हणजे तो पिकला असे समजू नये. चोवीस तासांनी अनवाणी किंवा मऊ चपलेने चालता येते, परंतु पूर्ण ताकद यायला साधारण सात दिवस लागतात. त्या आठवड्यात जड ट्रॉली, गरम टायर आणि साचलेले पाणी यांपासून जमीन सांभाळावी. उत्पादन थांबवणे मालकांना जड जाते, हे मी जाणतो, म्हणून शेड अर्धी-अर्धी करून रंगवण्याची सोय आम्ही काढतो. त्यात मधला जोड मात्र कोब्याच्या मूळ सांध्यावरच आणावा. भर वाटेत आणलेला जोड चाकांनी प्रथम उसवतो. पुढे कुठे चरा पडला किंवा अवजार पडून टवका उडाला, तर तेवढा भाग त्याच आठवड्यात चौकोनी आखून, घासून, प्रायमरसह भरून घ्यावा. उघड्या टवक्यातून तेल आणि पाणी रंगाच्या खाली सरकत जाते, आणि सहा महिन्यांनी तिथे दुरुस्तीला गेलो की हाताएवढ्या जागेऐवजी संपूर्ण पट्टा उकरावा लागतो.